पालथा कागद

"भोकं मी आल्यावर पाडीन," नवऱ्याने तिसऱ्यांदा बजावलं. "तू फक्त रेघा उतरव. कापड उसवता येतं, फळी उसवता येत नाही."

"कळलं हो! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ओठांत धरलेली टाचणी काढून तिने सुईच्या उशीत खुपसली. "तुम्ही बाबांना डॉक्टरांकडे सांभाळून न्या. इथलं मी बघते."

नवरा सुतार, बायको घरीच शिवणकाम करणारी. दोघांनाही आपापल्या मापाचा भारी तोरा. अशा घरात भांडणसुद्धा टेप लावून होतं आणि हार कुणीच मानत नाही. त्यात आजचं काम दोघांच्या हद्दीवरचं होतं. फळी त्याची, रेघा तिच्या.

जीव मात्र अडकला होता तिसऱ्याचाच. तो तिसरा म्हणजे तिचा सासरा. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, एक हात भिंतीवर, असा तो दारात येऊन उभा राहिला होता. म्हाताऱ्याने उभा जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये काढलेला. एका मोठ्या जंक्शनाबाहेरच्या यार्डात तो दांडे ओढून सांधे बदलायचा, कुठली गाडी कुठल्या रुळावर जाईल ते त्याच्या हातात असायचं. बोलणं इतकं मोजकं, की घरात त्याला मागून सगळे 'सिग्नल' म्हणायचे. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, मधलं काही नाही.

त्याची नजर आता कडांकडून मिटत चालली होती. समोरचं थोडंसं, नळीतून बघावं तेवढं दिसायचं, आणि ती नळीही बारीक होत होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की औषधं फार तर वेळ काढतील. तेव्हापासून म्हातारा खुर्चीला चिकटला. न्हाणीघरात जायचं तर हाक मारायची, पाणी हवं तर हाक मारायची, आणि हाक मारताना त्याचा चेहरा असा व्हायचा की देणाऱ्यालाच लाज वाटावी.

मग एक दिवस त्याने मुलाकडे एकच गोष्ट मागितली. "माझं यार्ड मला टेबलावर करून दे. छोटे रूळ, छोटी गाडी. डोळे आहेत तोवर हातांना शिकवून ठेवतो. मग निदान तिथे तरी कुणाला हाक मारायला नको."

खरं यार्ड कधीच उखडलं गेलं होतं. तिथे आता नुसतं मैदान होतं. म्हणून म्हाताऱ्याने भिंग घेऊन, जमिनीवर ओणवा होऊन, जाड खाकी कागदावर अख्खं यार्ड आठवणीतून काढलं. टेबलाएवढाच लांब कागद. नळीतून दिसेल तेवढं काढायचं, मग कागद सरकवायचा, मग पुढचं. शेवटची रेघ ओढली तेव्हा दिसणं इतकं कमी झालं होतं की पेन्सिलचं टोक त्याला बोटाने शोधावं लागलं. दुसरा कागद काढणं आता त्याच्याच्याने होणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"सूनबाई," दारातून तो म्हणाला, "कापड ताणलं तर येतं. रूळ ताणून येत नाहीत."

हे वाक्य तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीही ऐकलं होतं. तेव्हाही झोंबलं होतं, आजही झोंबलं. "बाबा, दिवसभर गळे आणि मुंढे कापते मी. तुमच्या मुलाला सरळ रेघेपलीकडे काय येतं? वळणं माझ्यावर सोडा."

म्हाताऱ्याने हात थोडा वर केला. सिग्नल मिळाला. बापलेक निघून गेले.

मागच्या खोलीत, भिंतीला लावून टेबल उभं होतं. नवऱ्याने पट्ट्यांचा सांगाडा केला होता आणि त्यावर प्लायवूडची एकच लांब फळी टाकून चार कोपऱ्यांना स्क्रू मारले होते. म्हाताऱ्याला लागू नये म्हणून पुढचे दोन्ही कोपरे घासून गोल केले होते. तिला ते बघून बरं वाटलं. माणूस तोंडाने कितीही करवादो, कोपरे गोल करायला विसरला नव्हता.

तिने कामाला हात घातला. जमिनीवर जाड चादर अंथरली, तिच्यावर कागद पसरला आणि शिवणकामातलं दातेरी चाक प्रत्येक रेघेवरून फिरवलं. चाकाच्या दातांनी रेघ टोचली जाते, आरपार बारीक छिद्रांची माळ उठते. मग तो कागद फळीवर घालायचा, कापडाच्या पुरचुंडीत बांधलेली खडूची पूड वरून थोपटायची, की पूड छिद्रांतून खाली झिरपते आणि रेघ जशीच्या तशी उतरते. मोठ्या नक्षीचं भरतकाम ती असंच करायची. या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

टोचणं झालं. तिने कागद उचलला, फळीवर नेला, भिंतीकडची कड पुढे ओढून सफाईने घातला, इस्त्री आणि दोन कात्र्या वजनाला ठेवल्या. पुरचुंडी थोपटली. कागद उचलला, तर काय सुंदर रेघा! एका बाजूने येणारी मुख्य लाईन, तिला फुटणारे फाटे, पुन्हा येऊन मिळणारे फाटे. तिने त्या पेन्सिलीने पक्क्या केल्या. मुंढ्याचं वळण काढावं तशी सहज वळणं. बघत राहावंसं वाटलं तिला.

आणि इथेच तिची बुद्धी फिरली म्हणा.

रुळांच्या मधोमध वीतवीतभर अंतरावर बारीक भोक हवं होतं आणि सांध्याच्या जागी मोठं भोक. बारीक भोकांतून खाली तारा जाणार होत्या आणि रूळ बसेपर्यंत म्हाताऱ्याच्या बोटांना वाट सापडणार होती. हे काम नवऱ्याचं. पण ड्रिल तिथेच पडलेलं होतं, वेळ हाताशी होता, आणि 'फळी उसवता येत नाही' अजून कानात वाजत होतं. येऊन बघू देत, म्हणाली, तोंडात बोट घालतील दोघे! तिने ड्रिल उचललं. पहिलं भोक तिने जपून पाडलं, दुसरं जरा कमी जपून, मग भराभर. भुसा फुंकत फुंकत तिने टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भोकं पाडली. एकही रेघ सोडून गेलं नाही.

सगळं झाल्यावर तिला वाटलं, केबिनची जागाही दाखवून ठेवू. म्हाताऱ्याची केबिन. काड्यापेटी ठेवली की त्याच्या हाताला लागेल. ती कुठे येते ते बघायला तिने कागद पुन्हा उचलला. त्यावर थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, केबिन. पुढच्या कडेला, अगदी उभ्या माणसाच्या पोटाशी. ती काड्यापेटी घेऊन फळीकडे वळली, तर फळीवर केबिनची चौकट भिंतीकडे होती. पार पलीकडे, हात लांबवला तरी जेमतेम पोचेल अशी.

तिने कागदाकडे पाहिलं. फळीकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे.

मालधक्का कागदावर भिंतीकडे, फळीवर पुढे. पहिल्या सांध्याचा फाटा कागदावर पलीकडे जातो, फळीवर अलीकडे येतो. कागद तिने पालथा घातला होता.

का घातला? अहो, आयुष्यभर घालते म्हणून! कापडावर खूण करायची ती उलट्या बाजूला. कापड उलटं अंथरायचं आणि नमुनाही पालथा घालायचा, म्हणजे कपडा सुलट्या बाजूने बरोबर उतरतो आणि खडूची खूण आत राहते. हे तिच्या हातांना इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायचीही त्यांना गरज पडली नाही. पालथ्या कागदावर अक्षरं दिसत नव्हती, छिद्रं तेवढी दिसत होती. आणि छिद्रांना उलटं सुलटं काय कळणार!

"मेले मी," ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत.

निदान कागद तरी आहे, दुसरी फळी आणू, पुन्हा उतरवू, असं म्हणत तिने तो घाईघाईने फळीवर सुलटा पसरून बघायला ओढला. काड्यापेटी घेताना तिने त्याच्या एका टोकावर इस्त्री ठेवली होती, ती तशीच होती. टर्रकन आवाज झाला. आधीच टोचून टोचून चाळण झालेला कागद, तो काय टिकतोय! छिद्रांच्या माळेवरून फाटत फाटत गेला, मुख्य लाईनीवरून सरळ, मग फाट्याफाट्यांनी. तिच्या हातात एक पट्टी राहिली. बाकीचं यार्ड चिंध्या होऊन जमिनीवर.

ती मटकन खाली बसली. म्हाताऱ्याने ओणवं होऊन काढलेले ते सगळे दिवस तिला दिसले. गुडघ्याखाली त्याने उशी घेतली होती, ती तिनेच शिवून दिली होती. आता दुसरा कागद नाही, दुसरे डोळे नाहीत. आणि टेबलावर एक यार्ड आहे, पण ते त्याचं नाही.

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं.

आता तिने काय केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगितलं पाहिजे. तिने सगळ्या चिंध्या गोळा केल्या आणि शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगाखाली खुपसल्या. भीतीने माणूस काय काय करतो!

म्हातारा चपला न काढताच आत आला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती लगबगीने पुढे झाली. "बाबा, आधी चहा घ्या ना."

"चहा काय पळून जातोय? टेबल कुठाय?"

"अजून जरा बाकी आहे, उद्या..."

"उद्याचं कुणी बघितलंय?" म्हातारा म्हणाला आणि भिंतीला धरत मागच्या खोलीत शिरला.

नवऱ्याला भोकं दिसली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की एरवी तिथेच महाभारत झालं असतं. पण बापाने हात पुढे केले होते, म्हणून तो गप्प राहिला.

म्हाताऱ्याने बोटं फळीवर टेकवली. डावीकडच्या टोकाला पहिलं भोक सापडलं. चेहरा उजळला. "आउटर सिग्नल," तो पुटपुटला. बोटं पुढे सरकली. दुसरं भोक, तिसरं. मग मोठं भोक आलं. "पहिला सांधा." तिथून त्याचं बोट अगदी विश्वासाने भिंतीकडे वळलं, वीतभर गेलं आणि थांबलं. तिथे कोरी फळी होती. बोट परत सांध्यावर आलं, पुन्हा भिंतीकडे गेलं. पुन्हा कोरं. त्याने तळहात पसरून चाचपलं. मग अलीकडे चाचपलं, तर भोक तिथे होतं, त्याच्या पोटाशी.

"हं," म्हातारा म्हणाला.

तो दुसऱ्या टोकाला गेला, तिकडून सुरुवात केली. तिकडूनही तेच. केबिनच्या जागी हात नेला, तिथे मालधक्क्याची भोकं लागली. त्याने हात असा मागे घेतला जणू दुसऱ्याच्या घरात शिरलाय.

"छान झालंय, सूनबाई," म्हातारा म्हणाला. "सफाईदार काम."

इतक्या वर्षांत त्याने तिच्या कामाला छान म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, आणि तिला वाटलं, त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर बरं.

तो चाचपडत बाहेरच्या खुर्चीपर्यंत गेला, बसला. मुलगा मागोमाग गेला. "काय झालं बाबा?"

"काही नाही." म्हातारा हळूच म्हणाला, "डॉक्टर म्हणाला नुसते डोळे. हे त्याला कळलं नसेल." त्याने कपाळावर बोट आपटलं. "मालधक्का भिंतीकडे असतो असं मला वाटत होतं रे. काल झोपेतसुद्धा भिंतीकडेच होता. कागद मीच काढला ना? मग मी काढलेलं मलाच आठवेना. आता कुठं कुठं हाक मारू तुम्हाला?"

आणि तो रडला. आवाज न करता, आपले डोळे कुणाला दिसत नाहीत अशा समजुतीने.

ती दारात उभी होती. गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं, हे तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. कागद चिंध्या झालेला, नवऱ्याने यार्ड कधी पाहिलेलं नाही, म्हातारा स्वतःलाच दोष देतोय. झाकली मूठ. पण समोर बसलेला माणूस डोळ्यांपाठोपाठ स्वतःच्या डोक्यावरचाही विश्वास गमावून बसला होता, आणि तो तिच्यामुळे.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मालधक्का भिंतीकडेच आहे. मी कागद पालथा घातला. सगळं यार्ड उलटं उतरलंय. आणि कागद फाटला. मी लपवला. तुमचे हात बरोबर होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होते."

नवरा ताडकन उठला. "तरी सांगत होतो! भोकं मी पाडतो म्हणून! तुझं ना, हात दाखवून अवलक्षण..."

"गप रे," म्हातारा म्हणाला. तो ताठ बसला होता. "काय म्हणालीस? पुन्हा सांग."

"मी चुकले."

"ते नव्हे. त्याच्या आधीचं."

"मालधक्का भिंतीकडे आहे."

"आणि केबिन?"

"पुढे. तुमच्या पोटाशी."

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला. अंगावरून ओझं उतरावं तसे त्याचे खांदे खाली आले. मग कपाळाला आठी पडली. "पण पालथा का घातलास, शहाणे?"

"आम्ही कापडाला तसंच करतो," ती नाक पुसत म्हणाली. "खूण उलट्या बाजूला करायची, म्हणजे सुलट्या बाजूला बरोबर..."

ती थांबली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "भोकं आरपार गेलीत ना?"

"आरपारच जातात भोकं. म्हणून तर म्हणतोय..."

"मग सुलटी बाजू खाली आहे! स्क्रू काढा. फळी उलटी करा!"

नवऱ्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग धावला. चारही स्क्रू निघाले. पुढची कड त्याने आणि तिने धरली, पण खोली अरुंद आणि फळी लांब, मधे वाकू लागली. "मला धरू दे," मागून आवाज आला. म्हातारा आला होता. "बाबा, तुम्ही नको..." "धरू दे म्हटलं ना!" त्याने मध्यावर हात घातला. तिघांनी मिळून फळी उभी केली. ती आढ्याच्या दिव्याला घासली, दिवा हलला, नवऱ्याने शिवी हासडली, आणि भिंतीकडे सरकवत त्यांनी ती पालथी खाली आणली. धाडकन सांगाड्यावर बसली. भुसा उडाला.

वर कोरं प्लायवूड होतं. एकही पेन्सिलीची रेघ नाही. फक्त भोकं, आणि त्यांच्या कडांना ड्रिलने फोडलेली लाकडाची कुसळं.

"गोल कोपरे भिंतीकडे गेले की," नवरा म्हणाला. "टोकदार पुढे आले. थांबा बाबा, घासून देतो आधी."

"राहू दे. टोचलं की कळेल मला, टेबल संपलं." म्हाताऱ्याने हात पुढे केले.

"कुसळं आहेत, बाबा. मी काचकागद मारते, मग..."

त्याने ऐकलं नाही. डावीकडच्या टोकाला बोट टेकवलं. आउटर. पुढे. पुढे. पहिला सांधा. बोट तिथे थांबलं. ती भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याने नकळत तिचा हात घट्ट धरला होता, राग विसरून. म्हाताऱ्याचं बोट भिंतीकडे वळलं. वीतभर गेलं.

भोक होतं.

पुढचं भोक, पुढचं. मालधक्का. तिथून परत लाईनीवर. बोटात कुसळ गेलं, रक्ताचा ठिपका आला, त्याने तो शर्टाला पुसला आणि पुढे निघाला. दुसरा सांधा, तिसरा. हात पुढे जाऊ लागला तसे पायही मागोमाग टेबलाच्या कडेने जाऊ लागले. भिंतीला धरलेलं नव्हतं, कुणाचा खांदा नव्हता. कित्येक महिन्यांनी तो एकटा चालत होता, आणि चालतोय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. केबिनपाशी क्षणभर थांबला. दोन्ही हातांनी हवेतला दांडा धरून ओढला, असा जोर लावून की गळ्याच्या शिरा ताणल्या. मग पुन्हा बोटं भोकांवर, पुन्हा पुढे, आता भरभर.

टेबलाच्या उजव्या टोकाला ती उभी होती, वाटेतच. सवयीने तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला.

"बाजूला हो, सूनबाई," म्हातारा ओरडला. "गाडी येतेय!"

ती पटकन बाजूला झाली.